मामीच्या सीटवरची वजनं

माझा मामा वजनकाटे दुरुस्त करतो. दुकानदारांचे, भंगारवाल्यांचे, पोस्टातले, दवाखान्यात तान्ही बाळं ठेवून तोलतात तेसुद्धा. त्याचं दुकान म्हणजे एक लांबट खोली, छताला टांगलेली पारडी आणि भिंतीलगत लोखंडी वजनांची उतरती रांग. सगळ्यात मोठं वजन उचलायला दोन माणसं लागतात. सगळ्यात लहान मात्र चिमट्यानंच उचलायचं, कारण बोटाचा घाम लागला की ते खोटं बोलायला लागतं, असं मामा म्हणतो. या धंद्यात केस पांढरे झाल्यामुळे त्याला एक खोड जडली आहे. कुणी दारातून आत आलं की त्याची नजर आधी चपलांकडे जाते, मग कमरेकडे, मग खांद्यांकडे, आणि ओठ किंचित हलतात. आम्हा घरच्यांना कळतं की एक आकडा ठरला. तो आकडा बोलून दाखवायचा नसतो, एवढं भान त्याला लग्नानंतर आलं.

मामाकडे एक जुनी गाडी आहे. तिच्यासारखी दुसरी आता रस्त्यावर दिसत नाही. गोल दिवे, ऐसपैस सीटा, आणि दार लावलं की तिजोरी बंद केल्यासारखा आवाज. मामा तिला जपतो म्हणणं कमी पडेल. तो तिचं पथ्यपाणी बघतो. आणि या गाडीत मामी बसत नाही.

पूर्वी बसायची. मग एका रविवारी तिने जाहीर केलं, "मी यापुढे त्या गाडीत बसणार नाही," आणि पर्स उचलून बस-थांब्याकडे चालू लागली. मामी दर रविवारी शेजारच्या गावी तिच्या बहिणीकडे जाते, मामाही जातो. तेव्हापासून ती बसने जायला लागली आणि मामा बसच्या मागोमाग गाडी घेऊन. बस थांबली की हाही थांबणार. बस निघाली की हाही निघणार. मामी मुद्दाम शेवटच्या बाकावर बसायची, म्हणजे मामाला वाटभर तिचा अंबाडा दिसायचा आणि तिला मामाचं काहीच दिसायचं नाही. एकदा कंडक्टरने घाबरून तिला विचारलं होतं की मागची गाडी तुमच्या पाळतीवर आहे का. मामी म्हणाली, "आहे. पण निरुपद्रवी आहे."

ती का बसत नाही, हे मामाने कधी विचारलं नाही. विचारायची गरजच वाटली नाही, कारण त्याच्या मते कारण ऐकू येत होतं. गाडी खड्ड्यात गेली की पुढून "खडक्" व्हायचं, आणि गतिरोधकावर कुणीतरी म्हातारं माणूस खुर्चीतून उठावं तसं "कर्रर्र". मामा सगळ्यांना सांगायचा, तिची हाडं खिळखिळी होतात हो, बरोबर आहे तिचं. मामी हे ऐकून घ्यायची आणि भाजी निवडत राहायची.

असं चाललं होतं, तेवढ्यात एक हॉटेलवाला उगवला. हमरस्त्यावर नवं हॉटेल काढत होता. त्याला ही गाडी हवी होती, पण चालवायला नव्हे. इंजिन काढून तो ती दारात उभी करणार होता आणि बॉनेटमध्ये फुलझाडं लावणार होता. टपावरून वेल सोडू, असंही तो उत्साहाने म्हणाला. मामाचा चेहरा असा झाला की जणू त्याच्या सख्ख्या बहिणीला कुणी कुंडी व्हायला मागणी घातली होती.

मामी शांतपणे म्हणाली, "देऊन टाका. दोघं मिळून बसनं जाऊ."

मामा बिचारा कात्रीत सापडला. शेवटी त्याने स्वतःच तोंडातून शब्द काढला. येत्या रविवारी तू आपणहून गाडीत बसून बहिणीकडे आलीस तर गाडी राहील. नाही बसलीस तर सोमवारी हॉटेलवाला येऊन घेऊन जाईल. मामी म्हणाली, "बरं." तिच्या "बरं"मधून काही हाती लागणं अशक्य असतं. मी त्या आठवड्यात सुट्टीला त्यांच्याकडे होते, आणि टॉर्च धरायचं खातं आपोआप माझ्याकडे आलं.

मामाच्या दुकानाशेजारी एक ग्रिलवाला आहे. खिडक्यांचे गज, जिन्याचे कठडे असलं काम करतो. त्याच्याकडे भलामोठा शिकंजा आहे, म्हणजे टेबलाला ठोकलेला तो लोखंडी जबडा, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर एक मत आहे. त्याने गाडीच्या पुढच्या चाकामागे पहार घालून वर दाबली. आतून "खडक्" आलं. "बुश गेलेत, काटेवाले," तो म्हणाला. "गुडघ्यातली गादी झिजली की कसं हाडावर हाड येतं, तसं झालंय."

बुश म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. चाकाला धरून ठेवणारे लोखंडी हात असतात, आर्म म्हणतात त्यांना. ते जिथे गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असतात तिथे एक रबराची गोल गादी बसवलेली असते. बाहेरून लोखंडी कडं, मध्ये रबर, आणि आत बोल्ट जायला नळी. हे रबर धक्के गिळतं. ते झिजलं की धक्के थेट माणसापर्यंत येतात.

चाक काढलं, स्प्रिंग दाबून बांधली. ती सुटली तर माणसाचं काय होतं, याचं रसभरीत वर्णन ग्रिलवाल्याने चहा पिता पिता केलं, त्यामुळे मामाने ती आणखी एका साखळीने बांधली. मग बोल्ट. इतक्या वर्षांत तो गंजून आर्मशी एकजीव झाला होता. मामाने त्याला गंज सोडवायचं तेल पाजलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाजलं, मध्ये मध्ये हातोडीने हळूच टकटक करून "निघतोस का?" असं विचारलंही. ग्रिलवाला म्हणाला, एवढं लाडीगोडीनं तर मी माझ्या जावयाशीही बोलत नाही. तिसऱ्या दिवशी बोल्ट कुरकुरत बाहेर आला.

आर्म काढून शिकंज्यात धरला. एका बाजूला बुशपेक्षा मोठं सॉकेट, म्हणजे बोल्ट फिरवायचं पोकळ लोखंडी नळकांडं, दुसऱ्या बाजूला लहान सॉकेट, आणि मध्ये म्हातारं बुश. शिकंजा पिळत गेला की लहान सॉकेट बुशला ढकलणार आणि बुश मोठ्या सॉकेटच्या पोकळीत पडणार. ग्रिलवाल्याने दांड्यावर अंग टाकलं, मामाने टाकलं, मग दोघांनी मिळून टाकलं. एकदम "पक्" असा आवाज झाला आणि काळं, चिरा पडलेलं रबर जमिनीवर पडलं. मामाने ते तळहातावर घेतलं. त्याचे ओठ हलले. तेवढ्यातही त्याने त्याचं वजन केलं होतं.

नवं बुश मात्र आत जाईना. साबणाचं पाणी लावून झालं, तासून झालं, शिव्या देऊन झाल्या. मग मामाने मापनयंत्र आणून दोन्हीकडची मापं घेतली आणि त्याचा चेहरा उजळला. भोक लहान होतं किंवा बुश मोठं होतं, आणि भोक तर कंपनीचं होतं, म्हणजे दुकानदाराने चुकीचा माल दिला. आयुष्यभर लोकांच्या काट्यातल्या चुका पकडलेल्या माणसाला दुसऱ्याची चूक मापासकट सापडल्यावर जो आनंद होतो, तो घेऊन मामा दुकानात गेला. मी सोबत होते. त्याने माप सांगितलं, दशांशासकट. सुटे भाग विकणाऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की जुन्या बुशचं बाहेरचं कडं कुठे आहे. मामा म्हणाला, कडं नव्हतं, नुसतं रबर निघालं. दुकानदार फक्त आमच्याकडे बघत राहिला. परतीच्या वाटेवर मामा म्हणाला, "हे ग्रिलवाल्याला सांगायचं नाही."

ग्रिलवाला दारातच उभा होता. "कडं आतच राहिलं ना?" तो म्हणाला. "मला कालच वाटलं होतं. पण तुम्ही इतक्या खुशीत निघालात, म्हटलं जाऊन येऊ द्या."

गंजलेलं कडं आर्मच्या भोकात असं बसलं होतं की ते आर्मचाच भाग वाटत होतं. हॅकसॉचं, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीचं, पातं फ्रेममधून सोडवलं, भोकातून आरपार ओवलं, पुन्हा फ्रेमला लावलं, आणि कडं आतून बाहेरच्या दिशेने कापायला घेतलं. यात खरी गोम अशी की कडं कापायचं पण आर्मला ओरखडा येऊ द्यायचा नाही. मामा दोन फेऱ्या मारायचा आणि आत डोकावायचा, दोन फेऱ्या आणि डोकावायचा. मी टॉर्च धरून उभी, ग्रिलवाला श्वास रोखून उभा. शेवटी चिरेत छिन्नीचं टोक घालून मामाने कडं आतल्या बाजूला दुमडलं, आणि ते वाळलेल्या पानासारखं सुटून आलं.

नवी बुशं थंड केली की किंचित आकसतात आणि सहज बसतात, हा ग्रिलवाल्याचा सल्ला. त्यामुळे ती मामीच्या फ्रीजरमध्ये, मटारांच्या शेजारी गेली. मामीने पिशवी काढली, आत बघितलं, आणि माझ्याकडे वळून विचारलं की हे शिजायला किती वेळ लागतं.

बुशं बसली, आर्म चढले, चाकं लागली. शनिवारची दुपार होती. मला वाटलं संपलं. पण मामाने बोल्ट अजून आवळले नव्हते, नुसते अडकवले होते. गाडीच्या जुन्या माहितीपुस्तकात लिहिलं होतं की ते शेवटी आवळायचे, गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना आणि नेहमीची माणसं आत बसलेली असताना. कारण बोल्ट आवळला की रबर त्या जागी घट्ट धरलं जातं. रिकाम्या गाडीत आवळलं तर माणसं बसल्याबरोबर ते पिळलं जातं, कायमचं पिळलेलं राहतं, आणि वर्षभरात फाटतं.

"नेहमीची माणसं म्हणजे तूच ना, मामा?" मी विचारलं.

मामाने चारही चाकांखाली जाड लाकडी ठोकळे घालून गाडी अशी उंच केली की खाली आडवं होता येईल. मग ग्रिलवाल्याला त्याने आपल्या जागी, स्टिअरिंगमागे बसवलं. ग्रिलवाल्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, ओठ हलवले, आणि दुकानात जाऊन एक वजन आणून त्याच्या मांडीवर ठेवलं.

"हे काय?"

"तुम्ही माझ्याहून एवढे कमी आहात," मामा म्हणाला.

मग तो शेजारची सीट भरायला लागला. आधी मोठी वजनं, कापडात गुंडाळून, सीटला डाग पडू नये म्हणून. मग मधली. मग हातात मावणारी. एकेक ठेवताना तो मागे सरकून सीटकडे बघत होता, जणू तिथे कुणीतरी बसलेलं आहे आणि त्या माणसाची अडचण होतेय का ते तो पाहतोय. अगदी शेवटी दोन छोटी पितळी वजनं त्याने वर ठेवली, एक काढलं, विचार केला, पुन्हा ठेवलं. मग चटई अंथरून गाडीखाली सरकला.

आणि तेव्हाच मामी बाजारातून आली.

तिने आधी ग्रिलवाल्याला पाहिलं. तो उभ्या गाडीत दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, मांडीवर वजन घेऊन, समोरच्या भिंतीकडे बघत होता. मग तिने आपली सीट पाहिली.

"हे काय मांडलंय?"

"वजन," गाडीखालून आवाज आला.

"कुणाचं?"

खालचा पाना थांबला. ग्रिलवाल्याने भिंत आणखी बारकाईने बघायला सुरुवात केली.

"मी विचारतेय, कुणाचं?"

"तुझं."

मामीने पिशवी खाली ठेवली. काटेवाल्याच्या संसारात इतकी वर्षं काढलेल्या बाईला बेरीज करायला कागद लागत नाही. तिची नजर वरपासून खालपर्यंत एकदा फिरली. तो आकडा मी इथे लिहीत नाही, कारण त्या घरचा चहा मला अजून प्यायचा आहे.

"एवढं?" मामी म्हणाली.

"पर्स धरून," मामा घाईने म्हणाला.

"आणि वरचं हे चिमणं कशाला?"

"तो चष्मा."

ग्रिलवाल्याला खोकला आला. मामीने त्याच्याकडे एकदाच पाहिलं, खोकला थांबला. ती गाडीजवळ खाली वाकली. तिथून मामाचे फक्त पाय दिसत होते.

"मला काट्यावर उभी केल्याचं आठवत नाही."

"काटा कशाला? दिसतं."

"बघितलंत कधी?"

"रोज बघतो," मामा म्हणाला. जरा थांबून त्याने भर घातली, "मागच्या महिन्यापेक्षा थोडी उतरलीस. दुपारी नीट जेवत नाहीस का?"

मामीने चष्मा काढून पदराने पुसला. मग तिने विचारलं की ती बसतच नाही तर तिचं वजन ठेवायचं कशाला, एकट्याच्या वजनावर आवळा की, एकटेच तर जाता. मामा म्हणाला, तसं केलं तर ती कायमची एकट्याची गाडी होईल. हॉटेलवाल्याला द्यायची झाली तरी चालेल, पण तशी करून देणार नाही.

मामी सरळ झाली. "ग्रिलवाले, हे लोखंड उतरवा," ती म्हणाली. "मी जिवंत आहे अजून. गाडी हलणार नाही ना?"

"नाही हलणार," खालून आवाज आला.

"हलणार नसेल तर बसते. तुमचा अंदाज किती खोटा आहे तेही कळेल."

ग्रिलवाल्याने एकेक वजन उतरवलं, स्वतःचं तेवढं मांडीवर घेऊन तो पुन्हा मामाच्या जागी बसला, आणि मामी पर्ससकट आत बसली. चाकावरच्या पत्र्यापासून जमिनीपर्यंतचं अंतर मामाने आधी, सीटवर वजनं असतानाच, मोजून ठेवलं होतं. आता त्याने हात बाहेर काढून मला मोजायची फीत दिली आणि पुन्हा मोजायला लावलं. चष्म्याइतकाही फरक नव्हता. मी ते मामाच्या कानात सांगितलं, आणि मामाने ते मोठ्याने न सांगण्याचं शहाणपण दाखवलं.

एक बोल्ट आवळून झाला. मग खालून मामा म्हणाला, "आता खडखड होणार नाही. तुझी हाडं दुखणार नाहीत."

"माझी हाडं कधीच दुखली नव्हती."

पाना पुन्हा थांबला. "मग?"

मला वाटतं, ती दोघं समोरासमोर असती तर मामी हे कधी बोलली नसती. पण तिच्यासमोर नुसती काच होती आणि त्याच्यासमोर गाडीचं पोट. मामी म्हणाली, खडखडीचं तिला काही नव्हतं, मामाच्या "शू"चं होतं. ती काही सांगायला लागली की मामाचं बोट वर जायचं. शू, थांब, ऐक, डावीकडून येतंय. कधी गाडी बाजूला घेऊन तो खाली वाकून बघायचा, आणि परत बसल्यावर तिला कधी विचारायचा नाही की तू काय सांगत होतीस.

"मला वाचनालयातल्या नोकरीत कायम केलं, ते तुम्हाला कसं कळलं, आठवतंय?"

मामाचे बाहेर दिसणारे पाय आखडले.

"मी शनिवारपासून पोटात धरून ठेवलं होतं. म्हटलं, उद्या गाडीत आपण दोघंच असू, तेव्हा सांगेन. सुरुवात केली, तर तुम्ही शू. मग ताईच्या घरी, तिला वाचनालयातल्या कुणाकडून तरी कळलं होतं, सगळ्यांसमोर तिनंच माझं अभिनंदन केलं, आणि तुम्ही काय म्हणालात? 'मला माहितीये.'"

ग्रिलवाल्याने मांडीवरचं वजन हळूच बाजूला ठेवलं, पण मामाच्या जागेवरून उठायची परवानगी त्याला नव्हती, त्यामुळे तो ते पुन्हा मांडीवर घेऊन बसला.

"सांग मग," खालून आवाज आला.

"काय?"

"ती बातमी."

"अहो, त्याला वर्षं लोटली."

"मला कुठे माहितीये," मामा म्हणाला.

मामीने मांडीवरची पर्स सरळ केली. मग तिने सांगायला सुरुवात केली, आणि एकदा सुरुवात केल्यावर नीट, पहिल्यापासून. ग्रंथपालांनी आत बोलावलं तेव्हा तिला वाटलं होतं की हरवलेल्या कोशाबद्दल विचारणार. ते आधी पंखा बिघडलाय यावरच बोलत राहिले. मग म्हणाले, बाई, तुमचं कायमचं झालं. आणि तिच्या तोंडून काय निघालं, तर "पंख्याचं?" खालून मामा खो-खो हसला, डोकं कशावर तरी आपटलं, तरी हसत राहिला. मी टॉर्च धरून वाकले होते म्हणून मला दिसत होतं. सगळे बोल्ट केव्हाच आवळून झाले होते. पाना त्याच्या छातीवर पडला होता आणि मामा दोन्ही हात डोक्याखाली घेऊन, वर गाडीच्या लोखंडाकडे बघत ऐकत होता. गोष्ट संपेपर्यंत तो बाहेर आला नाही.

तेवढ्यावरून उद्याचं काही ठरलं असं मात्र नव्हतं. मामीने उतरताना सांगितलं, उभ्या गाडीत ऐकणं सोपं असतं.

रविवारी सकाळी मामी पर्स घेऊन बाहेर आली. कोपऱ्यावर बस उभी होती. तिने बसकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं. मामा गाडीचं दार उघडून धरायला गेला आणि मध्येच थांबला, कारण आपणहून बसायचं ठरलं होतं. त्याने हात खिशात घातले. मामीने स्वतःच दार उघडलं आणि बसली. मागच्या सीटवर मी.

पहिला खड्डा आला. काहीच वाजलं नाही. गतिरोधकावर म्हातारं माणूस उठलं नाही. मामी वाचनालयातल्या एका सभासदाबद्दल सांगत होती. तो प्रत्येक कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचून, पटलं तरच पुस्तक घेऊन जातो, आणि नंतर येऊन मध्ये काय झालं यावर तिच्याशी भांडतो. मामा हसत होता. अर्धा रस्ता सरला.

आणि पुलानंतरच्या वळणावर मागून, उजव्या बाजूने, अगदी बारीक आवाज आला. किट्.

मामाचे कान लाल झाले. मी त्याच्या बरोबर मागेच होते, मला स्पष्ट दिसलं. पुन्हा, किट्. त्याचं उजवं बोट स्टिअरिंगवरून सुटलं, हवेत वर आलं, आणि तिथे क्षणभर लटकत राहिलं. मग त्या बोटाने मामाने स्वतःचं नाक खाजवलं.

"मग?" तो म्हणाला. "मग तो काय म्हणाला?"

मामीने सांगितलं. किट्. "मग?" मामी पुढे सांगत गेली. किट्, किट्. "मग, मग?" त्याच्या कपाळावर घाम आला होता, पण नजर रस्त्यावर आणि कान, माणसाला जेवढे वळवता येतात तेवढे, डावीकडे होते. हळूहळू मामीच्या लक्षात आलं की हे "मग" गोष्टीच्या हिशेबाने येत नाहीयेत. ती बोलायची थांबली. गाडीत फक्त किट् राहिलं. मामाने ओठ घट्ट मिटून घेतले.

"मागून येतंय," मामी म्हणाली.

"काय? मला नाही काही ऐकू आलं."

मामीने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्याचा घाम पाहिला, स्टिअरिंगवर पांढरी पडलेली बोटं पाहिली.

"ताईकडे पोचल्यावर बघा काय आहे ते," ती म्हणाली. "हॉटेलवाल्याला फोनही तिथूनच करा, नाही म्हणून. आत्ता ऐका. तर तो म्हणाला, बाई, शेवटी ती दोघं एकत्र येतात हे मला ठाऊक होतं, पण एवढी पानं कशाला लागली?"